आवाजाला पोट हवं

जनूकाका, तुम्ही बरोबर होतात.

हे वाक्य मी तुमच्यासमोर बसून बोललो असतो, तर तुम्ही लगेच आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली असती, "अगं ए, भायेर ये, बीएस्सी काय बोलतोय ते ऐक!" काकू येईपर्यंत मला थांबवलं असतंत आणि मग तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं असतंत. आता तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. हाक मारायला तुम्ही नाही, म्हणून लिहून ठेवतो.

बाकीचं सगळं सोसायटीच्या फळ्यावर लिहून झालंय. जन्म कधीचा, किती वर्षं मंडपांचे साउंड सांभाळले, मागे कोण कोण आहे. नावाआधी कुणीतरी 'ज्येष्ठ ध्वनिव्यवस्थापक' असं लिहिलं होतं. तुम्ही पाहिलं असतंत तर ओल्या फडक्यानं पुसलं असतंत. "स्पीकरवाला लिव ना सरळ," म्हणाला असतात.

मी फक्त आपल्या सिस्टीमबद्दल लिहिणार आहे. आणि आपल्या शेवटच्या भांडणाबद्दल, कारण ते अर्धंच राहिलं.

कोपरच्या या भाड्याच्या घरात येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. कल्याणला एक खाजगी क्लास बंद होत होता. त्यांच्या हॉलमधले दोन लाकडी स्पीकर स्वस्तात मिळाले, ते एक काखेत आणि एक खांद्यावर घेऊन मी जिना चढत होतो. तळमजल्यावर दारात तुम्ही बनियन आणि हाफ पँटवर उभे.

"काय नेतोस?"

"स्पीकर आहेत, काका."

"ते दिसतंय. जिते हायत का मेलेले?"

मला सांगता येईना. तुम्ही आत गेलात आणि घड्याळात घालतात तसला एक सेल घेऊन आलात. त्याला दोन तारेचे तुकडे चिकटपट्टीनं बांधलेले. स्पीकर तिथेच पायरीवर ठेवायला लावलात, मागच्या दोन टोकांना तारा टेकवल्यात. पुढचा काळा कागद टच् करून जरासा बाहेर आला. "बघ. श्वास घेतला. जिता हाय." मग तारा उलट टेकवल्यात. कागद आत गेला. "बाहेर आला म्हंजे प्लसला प्लस लागलाय. आत गेला म्हंजे उलटा. दोन स्पीकरांतला एक बाहेर आनि एक आत गेला, का दोघं एकमेकाचाच आवाज खातात. कलला?"

मी तीन वर्षं फिजिक्स शिकलो होतो, काका. ध्वनिलहरींवर दहा गुणांचा प्रश्न दोनदा लिहिला होता. पण कागदाचा श्वास मला पहिल्यांदा तुम्ही दाखवलात, जिन्याच्या चौथ्या पायरीवर.

"शिकलायस किती?" तुम्ही विचारलंत.

"बीएस्सी. फिजिक्स."

तुमचा चेहराच बदलला. सेल खिशात टाकलात. "मंग मी काय शिकवनार तुना," म्हणालात, आणि त्या क्षणापासून माझं खरं नाव या इमारतीतून नाहीसं झालं. दूधवाला, इस्त्रीवाला, घरमालक, सगळ्यांसाठी मी बीएस्सी. सुजाता तर महिनाभर 'बीएस्सीची मिसेस' होती. मला आधी संकोच वाटायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि ट्रंकेत ठेवून दिला. तो कागद मोठ्यानं वाचून दाखवावा तशी माझी पदवी रोज उच्चारणारे तुम्ही पहिले. कधीतरी आभार मानायचे होते. त्या शब्दानंच पुढे घोळ केला, ते सांगतोच.

मला सिस्टीम का हवी होती, हे तुम्ही एकदाच विचारलंत. लहानपणी करमाळ्याला आम्ही शेजाऱ्यांचा टीव्ही त्यांच्या बंद खिडकीच्या काचेतून पाहायचो. चित्र दिसायचं, आवाज यायचा नाही. कोण का रडतंय, कोण का हसतंय, ते आम्ही भावंडं आपापसांत ठरवायचो. नोकरी लागल्यावर लोक आधी मोठा पडदा घेतात, मला आधी आवाज हवा होता. हे तुम्ही नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "एका सनाला एक डबा. जास्ती नाय. आधीचा कानात मुरला, का मंग पुढचा."

तोच आपला नियम झाला. पहिल्या दिवाळीला जुना दोन वाटांचा, म्हणजे दोन चॅनेलचा, ॲम्प्लिफायर. पाडव्याला मधला स्पीकर, तोही तुम्ही आमच्या मोडक्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बसवलात, मूठ तशीच ठेवून. सुजाता म्हणाली, "निदान मूठ तरी काढा." तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, धूळ पुसताना धरायला होईल." पुढच्या गणपतीला सेकंडहँड पाच वाटांचा ॲम्प्लिफायर आला.

आणि मागच्या दोन स्पीकरांसाठी तुम्ही माठ आणलेत. खरे, मातीचे, पाण्याचे माठ. तोंडावर गाडीच्या दाराचे जुने स्पीकर बसवलेत आणि सोफ्यामागे दोन तिवयांवर ठेवलेत. "मातीसारका डबा नाय. लाकूड बोलतं, माती गप बसते." तुमचं खरं होतं. पण माझे ऑफिसातले साहेब माजिवड्याहून पहिल्यांदा घरी जेवायला आले, ते "पाणी मी घेतो" म्हणून पेला घेऊन सोफ्यामागे गेले आणि तिथेच उभे राहिले. अजून मला मीटिंगमध्ये विचारतात, "तुमच्याकडचं पाणी आलं का हो?"

आई आली होती ते आठवतं? टीव्हीवर कुठल्याशा गावाचा देखावा चालला होता. डावीकडच्या माठातून शेळी ओरडली. आई झटक्यात उठली, "हाड! अगं सुजाता, कुनाची शेळी आत आली गं?" सोफ्यामागे वाकून शोधायला लागली. तुम्ही दारातच होतात. खाली बसून हसलात, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "पास! सिस्टीम पास झाली! माऊलीनं सर्टिफिकेट दिलं." मग आईला तुम्ही अर्धा तास समजावत होतात की शेळी कुठे आहे. तिला शेवटपर्यंत पटलं नाही, पण जाताना तिनं तुम्हाला बोलावून सांगितलं, "माझ्या लेकाकडं लक्ष ठेवा." तुम्ही नुसती मान हलवलीत.

सगळं छान होतं. एकच तक्रार होती, आणि ती पहिल्या दिवसापासून होती.

"आवाजाला पोट नाय रं."

बेस हा शब्द तुम्ही वापरायचा नाहीत. वरचा आवाज म्हणजे डोकं, बोलण्याचा आवाज म्हणजे छाती आणि खालचा म्हणजे पोट. टेंभी नाक्याला नवरात्रात खांबावर कर्णे बांधायचात तेव्हा कर्ण्याला नुसतं डोकं असायचं, असं तुम्ही सांगायचात. मग मोठ्या स्पीकरच्या पेट्या आल्या आणि देवीच्या आरतीला पोट आलं.

आपली परीक्षा ठरलेली होती. तुमच्या भाच्याच्या हळदीत तुम्ही फोनवर घेतलेला ढोल. नवी वस्तू लागली की पहिल्यांदा तोच वाजायचा, फक्त पुढच्या दोन स्पीकरांवर. त्यात ढोलाच्या आधी तुमचाच आवाज आहे, पोरांवर ओरडतानाचा: "ए, बाजूला व्हा रं! आवाजाच्या वाटेत काय उभे ऱ्हायलेत?" मग ढोल. आणि दर वेळी तुम्ही मान हलवायचात. "ढोल हाय, पन अंगावर येत नाय. आनि माजाच आवाज बघ. पुऱ्या खोलीत सांडलाय. मी कुठं उभा हाय ते कलायला पाहिजे."

त्या पोटासाठी आपण काय काय केलं! आधी दोष खिडकीचा, म्हणून जाड पडदा. मग फरशीचा, म्हणून सतरंजी. मग भिंतीचा, म्हणून सुजाताच्या आईनं शिवलेली गोधडी खिळ्यांवर टांगली. सोफा चार जागी फिरला. सुजाता एकदा वैतागून म्हणाली, "काका, हे घर आहे की मंडप?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मंडपात चार दिवसांत जमतं गं. घरालाच टाइम लागतो."

मी तेव्हापासून सबवूफरच्या मागे होतो. खालच्या आवाजासाठी वेगळा डबा असतो, सगळीकडे असतो. तुम्ही ऐकत नव्हतात. "या दोघांत पोट हाय. मी क्लासच्या हॉलात ऐकलेत असले. हितं ते कुठंतरी हरवतंय."

आपलं हे भांडण दोन वर्षं चाललं. गोड भांडण होतं, चहाबरोबरचं.

त्या रविवारी ते गोड राहिलं नाही. सुजाताचा भाऊ रोहित सबवूफर घेऊनच आला होता. नवा, खोक्यातला. सण नव्हता, तुम्हाला विचारलं नव्हतं. तुम्ही नेहमीसारखे वर आलात आणि खोकं पाहिलंत.

"हा कशाला?"

"काका, बेस नाहीच आहे. किती वर्षं गोधड्या टांगायच्या?"

"पोट काय भायेरून बांधतात काय रं?"

रोहित हसला. मला राग आला, त्याच्यासमोर अडाण्यासारखं वाटलं. आणि मी म्हणालो, "काका, मंडपाचं वेगळं आणि घरातलं वेगळं. तुम्हाला घरातल्या सिस्टीमचं कळत नाही."

तुम्ही कप खाली ठेवलात. मी थांबायला हवं होतं. पण मी पुढे गेलो. "आणि जोडणीत काही चूक नाही. शाळेपासून तारा जोडतोय मी. हिरवी प्लसला, पिवळी मायनसला. सगळं बरोबर आहे."

तुम्ही एकदम गप्प झालात. माझ्याकडे पाहिलंत, रोहितकडे पाहिलंत, मग फ्रिजच्या मागच्या कोपऱ्याकडे, जिथे डावा स्पीकर आहे. तोंड उघडलंत आणि मिटलंत. "बरं. येतो," म्हणालात. चहा अर्धा राहिला होता.

दार लागल्यावर सुजाता म्हणाली, "लागलं त्यांना." मलाही तसंच वाटलं. पण खाली येऊन माफी मागायला मला लाज वाटत होती. सोमवार, मंगळवार तुमच्या दारावरून पाय न वाजवता गेलो. बुधवारी तुम्ही मला जिन्यातच गाठलंत.

"रविवारी हायस ना घरी?"

मला वाटलं, भांडण पुढे चालवायचंय. मी तोंडातल्या तोंडात "बघतो" म्हणालो आणि पुढे गेलो. मागून तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात. मला तेही टोमण्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या, तुम्ही गेलात.

या सतरा दिवसांत मी ते एकच वाक्य चघळत होतो. 'तुम्हाला कळत नाही.' ज्या माणसानं मला कागदाचा श्वास दाखवला त्याला मी हे म्हणालो, आणि तो ते घेऊन गेला. तुमच्या तेराव्याला पानावर बसलो होतो. शेजारचे म्हणाले, जिलबी घ्या, काकांना आवडायची. मी घेतली. तुम्हाला ती आवडायची नाही, तुम्ही ती खिशातून आणून मला द्यायचात.

काल रविवार होता. सकाळी काकूंनी खालून हाक मारली. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी.

"ही तुजी हाय. बुधवारपासून दाराच्या खिळ्याला टांगून ठेवलीवती. रविवारी वर जायचंय बोलले, पोरगा एकटा असंल तवा. मेव्हन्यासमोर नको."

पिशवीत तुमचा स्क्रूड्रायव्हर होता. तसलाच सेल होता, नवा, पण तारांचे तुकडे तेच जुने. आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद.

"मी इचारलं, हलद कशाला?" काकू म्हणाल्या. "तर हसत बसले. बोलले, बीएस्सीला टिला लावायचाय."

काका, मी तिथेच दारात उभा राहिलो आणि मला सगळं दिसलं.

दर दसऱ्याला तुम्ही वर येऊन ॲम्प्लिफायरला झेंडूचं फूल वाहायचात आणि मागे हात घालून हळदीचं बोट लावायचात. मी त्याला पूजाच समजत होतो. तुम्हीच पूर्वी सांगितलं होतं की तुमच्या टोळीत कुणाला वाचता यायचं नाही, म्हणून दसऱ्याला प्रत्येक मशीनच्या प्लसला हळद लागायची. वर्षभर पुरायची. पिवळी तार हळदीला. चुकायचं कामच नाही. मी ते गोष्ट म्हणून ऐकलं. ही आपल्याच ॲम्प्लिफायरची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि मी? आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली लाल तार एका वर्षी संपली. हिरवीची गुंडाळी शिल्लक होती. सर म्हणाले, "आजपासून हिरवी म्हणजे प्लस." त्या एका 'आजपासून'वर माझं सगळं विज्ञान उभं आहे. पुढे कॉलेजात लाल तार पुन्हा भेटली, पण लाल नसली की माझा हात आपोआप हिरवीकडे जातो.

आपण पहिल्या दिवशी तारा जोडल्या त्या तुमच्या मंडपातल्याच, पिवळ्या-हिरव्या पिळाच्या. उजव्या स्पीकरची दोन्ही टोकं तुम्ही जोडलीत. डावा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात होता. तुम्ही वाकलात, आडवे झालात, श्वास रोखलात, आणि म्हणालात, "माजं पोट काय आत जात नाय. बीएस्सी, तू घूस." ॲम्प्लिफायरचं टोक तुमच्याकडे, पिवळी प्लसला. स्पीकरचं टोक माझ्याकडे, हिरवी प्लसला. दोघांनी एकाच वेळी "झालं" म्हटलं. तुमचं पोट त्या कोपऱ्यात मावलं असतं, तर आवाजाचं पोट हरवलं नसतं.

मंडपात असं झालं असतं तर तुम्ही सगळ्यात आधी तार तपासली असतीत. चार वर्षांत तुम्ही पडदे तपासलेत, भिंती तपासल्यात, फरशी तपासलीत, माझ्या टोकाची तार तपासली नाहीत. ती बीएस्सीनं जोडली होती. आणि तुमच्या टोकाची तार मी तपासली नाही, कारण ती तुम्ही जोडली होती.

म्हणजे त्या रविवारी तुम्ही दुखावून गप्प झाला नव्हतात. तुम्हाला चूक सापडली होती. माझ्याच तोंडून. आणि माझ्या मेहुण्यासमोर माझी पदवी उघडी पडू नये म्हणून तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात.

काकू म्हणाल्या, "चल, मना पन बघू दे काय लावलंय ते." गुडघे धरत दोन जिने चढून आल्या. सुजातानं फ्रिज सरकवला. मी डाव्या स्पीकरच्या तारांचं ॲम्प्लिफायरकडचं टोक सोडवलं आणि ते घेऊन कोपऱ्यात शिरलो. पिवळीला सेलचा प्लस, हिरवीला मायनस, म्हणजे जसं तुम्ही लावलं होतंत तसं. स्पीकरच्या टोकाला माझी जुनी जोडणी तशीच ठेवली आणि सुजाताला म्हटलं, कागद बघ.

"आत गेला," सुजाता म्हणाली.

मी हसायला लागलो. फ्रिजच्या मागे, जाळ्यांमध्ये, उकिडवा बसून. काकू घाबरून विचारत होत्या, शॉक लागला काय.

तारा बदलल्या. हिरवीच्या जागी पिवळी. ॲम्प्लिफायरकडचं टोक तुम्ही लावलं होतंत तसं परत लावलं. पुडी उघडून स्पीकरच्या प्लसला हळदीचं बोट लावलं. उरलेली हळद काकूंनी माझ्या कपाळाला लावली.

सबवूफरचा प्लग काढून ठेवला. फोनवर तुमच्या भाच्याची हळद शोधली. फक्त पुढचे दोन स्पीकर. तिघंही सोफ्यासमोर उभे होतो.

"ए, बाजूला व्हा रं!"

काका, तुमचा आवाज सांडला नाही. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, दोन्हींच्या बरोबर मधून आला, जिथे स्पीकरच नाही तिथून. तुम्ही कुठे उभे आहात ते कळत होतं. हात पुढे केला असता तर बनियनला लागला असता.

"आवाजाच्या वाटेत काय उभे ऱ्हायलेत?"

आणि काकू पदर सावरून खरंच बाजूला सरकल्या. "अजून वराडतातच," म्हणाल्या.

मग ढोल वाजला. खिडकीची काच थरथरली, ड्रॉवरची मूठ थरथरली आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. पोट होतं. त्या दोघांतच होतं.

रविवारी मी घरी होतो, काका.